पदवी नाही, पण इंग्रजी शिकवता येतं: परदेशी जायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय पंचवीस, बारावी पास. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि घरच्या अडचणीत तिसरं राहून गेलं. चार वर्षं सांगलीत एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवताय. एका एजंटने कंबोडियात महिना ९०० डॉलरची शिक्षकाची नोकरी सांगितली आहे. त्याला एकूण १,८०,००० रुपये हवेत, त्यातले २०,००० टोकन म्हणून २५ तारखेच्या आत. जायचं टुरिस्ट व्हिसावर, आणि 'वर्क परमिट तिकडे गेल्यावर होतं' असं तो म्हणतो. शेवटच्या दोन ओळींत तुम्ही विचारलंय की आपला उच्चार मराठी वळणाचा आहे, तो चालेल का.

मी २०११ साली पदवी हातात नसताना कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला गेले होते. तीन वर्षं तिथे शिकवलं, मग पाच वर्षं थायलंडात, आणि आता पुण्यात नव्या शिक्षकांना वर्गासाठी तयार करते. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे, आणि उत्तर लांबणार आहे.

आधी २५ तारखेचं बघू. टोकन देऊ नका.

कंबोडियाचे व्हिसे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. 'टी' म्हणजे पर्यटकांचा, 'ई' म्हणजे साधारण व्हिसा. 'टी' एकदाच आणि एकाच महिन्यासाठी वाढवून मिळतो, त्याचा नोकरीचा व्हिसा होत नाही. 'ई' मात्र पुढे तीन, सहा, बारा महिन्यांनी वाढवता येतो, आणि कामासाठीची मुदतवाढ त्याच्यावरच मिळते. इतकंच काय, नोकरी शोधणाऱ्यांसाठीही 'ई' व्हिसावर मर्यादित मुदतवाढीची सोय आहे. म्हणजे सरळ मार्ग उपलब्ध असताना एजंट तुम्हाला अशा व्हिसावर पाठवतोय ज्यावरून पुढे रस्ताच नाही. त्याला हे माहीत नसेल तर तो या कामाचा माणूस नाही. माहीत असेल तर मामला आणखी गंभीर आहे.

दुसरं, परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे, जीएसटी धरून ३५,४००. एक लाख ऐंशी हजार कशाचे, हे त्याच्याकडून लिहून मागा. परवाना क्रमांक मागा आणि तो यादीत आहे का ते स्वतः तपासा.

तिसरी गोष्ट सांगताना मला काळजी वाटते आहे. नोकरीच्या आमिषाने आग्नेय आशियात नेलेल्या भारतीय तरुणांबद्दल परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून पुन्हा पुन्हा सावध करतंय. थायलंडमार्गे म्यानमारच्या म्यावाड्डी भागात नेऊन, किंवा कंबोडियातच, पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलं गेलं. त्यांना सांगितलेल्या नोकऱ्या बहुतेक डेटा एंट्रीच्या, मार्केटिंगच्या होत्या, पण खुणा ह्याच: टुरिस्ट व्हिसा, पैशांची घाई, कागद पोचल्यावर. तुमचा एजंट त्यातला आहे असं मी म्हणत नाही. पण एक सांगा, तुमचा डेमो कुणी घेतला? पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायला लावल्याशिवाय खरी शाळा सहसा शिक्षक ठेवत नाही, मग ती कितीही छोटी असो. शाळेचं नाव, पत्ता, शाळेच्या स्वतःच्या ईमेलवरून आलेला करार, आणि तिथे सध्या शिकवणाऱ्या एका शिक्षकाशी व्हिडिओ कॉल, एवढं मागा. खऱ्या शाळेला यात काहीच अवघड नसतं.

आता मूळ मुद्दा. परदेशात शिकवायचं तर दोघांनी हो म्हणावं लागतं, एक शाळेचा मालक आणि दुसरं तिथलं सरकार. मालक तुमचा पाठ बघतो. मुलं बोलती झाली, पालक खूश झाले की तो पदवीचा विषय सोडून देतो. परवान्याच्या खिडकीतला माणूस तुमचा पाठ बघत नाही. त्याच्यापुढे कागदांची यादी असते, आणि यादीत पदवी असेल तर चार वर्षांच्या अनुभवाने ती ओळ भरत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. पदवीशिवाय काम पुष्कळ ठिकाणी मिळतं. पदवीशिवाय कागद फार थोड्या ठिकाणी मिळतो.

कागद नसलेलं काम कसं असतं ते मी भोगलंय. नॉम पेन्हमधल्या माझ्या पहिल्या शाळेने दोन महिन्यांचा पगार थकवला. आज देतो, सोमवारी देतो, असं करत सत्र संपलं. तक्रार घेऊन जायला जागा होती, पण तिथे पहिला प्रश्न माझ्याच वर्क परमिटचा आला असता आणि ते माझ्याकडे नव्हतं. त्या वेळी तिथली तपासणी ढिली होती म्हणून निभावलं. पुढे ती कडक होत गेली. थायलंडात तर परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाथ दंड होतो आणि परत पाठवलं जातं, शिवाय पुढची दोन वर्षं वर्क परमिट मिळत नाही. शाळेलाही दंड असतो, पण शाळा तिथेच राहते.

इंटरनेटवर तुम्ही पाहिलेले 'नो डिग्री नीडेड' व्हिडिओ खोटे नाहीत. ते दुसऱ्या पासपोर्टवाल्यांसाठी आहेत, एवढंच. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून दार किंचित उघडलं, पण त्याला पदवी आणि शिक्षकी पात्रता दोन्ही लागतात. चीनमध्येही पदवी आणि 'मूळ भाषक' देशाचा पासपोर्ट ही सर्वसाधारण अट आहे, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शाळाबाह्य शिकवण्यांवर बंधनं आणल्यावर तो बाजारच आटला. म्हणून यापुढे कुणाचाही सल्ला वाचताना आधी लिहिणाऱ्याचा पासपोर्ट कुठला आहे ते बघा.

थायलंडबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. तिथे शाळेत शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेचा म्हणजे खुरुसफाचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. ही सूट मिळवायलाही पदवी लागते. आपल्यासारख्या बिगर-मूळभाषकांकडून शाळा टोइक या इंग्रजीच्या चाचणीत ६०० किंवा जास्त गुण मागतात. हे गुण मिळवणं तुम्हाला जड नाही, पण पदवीची अट त्याने सुटत नाही. व्हिएतनाममध्येही वर्क परमिटसाठी पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र लागतं, तेही रीतसर प्रमाणित केलेलं. आखाती देशांतल्या भारतीय शाळांना पदवी आणि बी.एड. हवं असतं. तिथे बारावीवर मिळतं ते बालवाडीत मदतनिसाचं काम. त्यात कमीपणा काही नाही, पण ते इंग्रजी शिकवणं नव्हे.

जपानमध्ये मात्र तुमच्यासारख्यांसाठी एक बारीक फट आहे, आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. तिथल्या खासगी भाषाशाळांमधल्या शिक्षकांना जो निवास-परवाना मिळतो, त्यात भाषाशिक्षण, भाषांतर अशा कामांसाठी तीन वर्षांच्या संबंधित अनुभवाची अट आहे. पदवीधरांना ती माफ असते. म्हणजे उलट बाजूने वाचलं तर पदवी नसलेल्या पण तीन वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाला नियमाप्रमाणे वाव आहे. सरकारी शाळांसाठीचा 'इन्स्ट्रक्टर' परवाना वेगळा आहे. त्यात त्याच भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्यांचा तिथे प्रश्नच मिटला.

पण या फटीतून आत जायला अनुभव कागदावर दिसावा लागतो. तुमची चार वर्षं कुठे नोंदलेली आहेत? पगार रोख मिळत असेल, नेमणुकीचं पत्र नसेल, तर जपानच्या इमिग्रेशनच्या दृष्टीने ती चार वर्षं झालीच नाहीत. या महिन्यापासून पगार बँकेत घ्या. क्लासच्या लेटरहेडवर नेमणुकीची तारीख, आठवड्याचे तास, कुठल्या स्तराचे विद्यार्थी आणि काय शिकवता हे लिहून, सही-शिक्क्यासह पत्र घ्या. क्लास चालवणारे सर भले असतील तर लगेच देतील. हेही सांगायला हवं की तिथल्या बऱ्याच कंपन्या स्वतःच्या नियमाने पदवी मागतात, त्यामुळे सरकार हो म्हणेल पण मालक नाही म्हणेल, असं उलटं चित्र तिथे दिसतं. चिकाटीने शोधावं लागेल.

आणि मग कंबोडिया. पदवी नसलेल्या शिक्षकाला तिथे अजूनही काम मिळतं, मुख्यतः संध्याकाळच्या भाषाशाळांत. चांगल्या शाळा मात्र आता पदवी मागू लागल्या आहेत. पगार डॉलरमध्ये असतो, पण पासपोर्टप्रमाणे त्याची पायरी ठरते. एकाच स्टाफरूममध्ये, तेच पुस्तक शिकवणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याला माझ्या दुप्पट दर होता. फिलिपिनो शिक्षिका आणि मी एका दरात. मला तेव्हा तासाला सहा डॉलर मिळायचे, आणि सुट्टीच्या आठवड्यात काहीच नाही. एप्रिलच्या मध्यात ख्मेर म्हणजे कंबोडियन नववर्ष येतं, शाळा ओस पडतात आणि तासावर काम करणाऱ्याचा तो महिना अर्धा होतो. तुमच्या ९०० डॉलरच्या आकड्याला हा प्रश्न विचारा: महिन्याचे की तासांचे, सुट्टीत मिळणार का, वर्क परमिटचा खर्च कुणाचा?

नेपाळचं नाव कुणी घेत नाही म्हणून घेते. १९५० च्या करारामुळे भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, आणि दार्जिलिंगकडच्या पुष्कळ शिक्षकांनी नेपाळच्या खासगी बोर्डिंग शाळांत वर्षानुवर्षं शिकवलंय. पगारासाठी जाण्याची ती जागा नाही. पण ज्या वर्गात मराठी कुणालाच कळत नाही अशा वर्गाची सवय तिथे होईल, आणि ती का हवी ते पुढे सांगते.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे पदवीच घ्या असं सांगायचंय तर. हो, तेच सांगायचंय, आणि मनापासून. तुम्ही दोन वर्षं पूर्ण केली आहेत! एक वर्ष आणि कदाचित दोन-चार एटीकेटीचे विषय, एवढ्यासाठी आयुष्यभर थायलंड, व्हिएतनाम, कोरिया बंद ठेवायचे? आधी तुमच्या विद्यापीठात जाऊन विचारा की पहिल्या प्रवेशापासूनची मुदत संपली आहे का. ती प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. संपली नसेल तर तिसऱ्या वर्षाला बसा. संपली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. मी माझी बी.ए. मुक्त विद्यापीठातूनच केली. स्वाध्याय नॉम पेन्हच्या भाड्याच्या खोलीत लिहायचे आणि परीक्षेला दर उन्हाळ्यात साताऱ्याला यायचे. तिकिटाचे पैसे वर्षभर बाजूला टाकलेले असायचे. तीन वर्षांनी गुणपत्रक हातात आलं, त्यानंतरच थायलंडातली पहिली रीतसर नोकरी मिळाली. शिकवत तर मी आधीही तसंच होते, बदलला तो फक्त कागद, आणि पगार दुपटीहून वाढला.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल एक खबरदारी. दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का ते प्रवेशाआधी बघा, आणि ज्या देशात जायचं तो देश दूरस्थ पदवी स्वीकारतो का तेही. काही देश याबाबत काटेकोर असतात. पदवी मिळाली की ती परदेशी वापरण्यासाठी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. जो देश अपोस्टील (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणन-शिक्का) मानत नाही त्याच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. याला आठवडे लागतात, म्हणून ऑफर यायची वाट बघू नका. आणि कुणी 'डिग्री बनवून देतो' म्हणालं तर त्याच्याशी पुढे बोलूही नका. पडताळणी थेट विद्यापीठापर्यंत जाते, आणि परदेशात बनावट कागदावर पकडलं जाणं म्हणजे तुरुंग, हद्दपारी आणि कायमचा काळा डाग. माझ्या ओळखीतली एक चांगली शिक्षिका त्यात गेली.

आता प्रमाणपत्राचं. टीईएफएल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, हे एकाच संस्थेचं प्रमाणपत्र नसतं. कुणीही '१२० तासांचा कोर्स' काढू शकतं आणि दोन-तीन हजारांत ऑनलाइन देऊ शकतं. त्यातून शब्द कळतात, शिकवणं येत नाही, कारण तुम्हाला शिकवताना कुणी पाहिलेलंच नसतं. मी ज्याला खरं प्रशिक्षण म्हणते ते केंब्रिजचं सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्ट-टेसॉल. सेल्टात किमान १२० तासांचं शिक्षण, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, चार लेखी कामं, आणि प्रत्येक पाठानंतर प्रशिक्षक आणि सोबतचे शिक्षक मिळून केलेली चिरफाड. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे सेल्टाला पदवी लागत नाही. वय अठरा आणि उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकं शिक्षण, ही अट आहे. बारावीवर तुम्ही अर्ज करू शकता. प्रवेशाआधी भाषेची चाचणी आणि मुलाखत होते, आणि तुमचं इंग्रजी निदान वरच्या सी १ पातळीचं हवं (युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांतली ही वरून दुसरी). कोर्स आता ऑनलाइनही करता येतो. खर्च मोठा आहे, लाखाच्या घरात जातो. पण एजंटला द्यायला तुम्ही जे पैसे जमवताय त्यातच तो बसतो, हे लक्षात घ्या. एवढं मात्र विसरू नका की सेल्टाने शाळेचा मालक हो म्हणतो. सरकारच्या यादीतली पदवीची ओळ त्याने भरत नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तो. चार वर्षं शिकवताय म्हणजे वर्गाची भीती गेली असेल, आवाज कमावलेला असेल, आळसावलेली बॅच कशी जागी करायची ते कळलं असेल. हे सगळं तिथे उपयोगी पडतं. पण सांगलीच्या वर्गात तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी तिथे नसेल: मराठी. 'यूज्ड टू म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही' असं तुम्ही एका वाक्यात सांगून मोकळे होता. नॉम पेन्हच्या माझ्या पहिल्या वर्गात चौदा मुलं होती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला ख्मेर. मी फळ्यावर नियम लिहिला, मुलांनी तो सुंदर अक्षरात वहीत उतरवला, आणि तासाच्या शेवटी एकालाही एक वाक्य बोलता आलं नाही. त्या रात्री मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या फिलिपिनो बाईंच्या पाठाला मागे बसले. त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. डावीकडे सायकलचं चित्र, उजवीकडे मोटारसायकलचं, मधे 'नाऊ'. स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'आय यूज्ड टू राइड अ बायसिकल.' मग विचारलं, 'डू आय राइड अ बायसिकल नाऊ?' मुलं ओरडली, 'नो!' 'बिफोर?' 'येस!' 'वन टाइम?' 'नो, मेनी!' बस. अर्थ पोचला की नाही हे 'अंडरस्टँड?' असं विचारून कळत नाही, कारण सगळी मुलं मान डोलावतात. असे छोटे प्रश्न विचारूनच कळतं. सेल्टात हे तंत्र पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मला ते त्या बाईंनी एका तासात दाखवलं.

भाषेचा आतला घाटही माहीत हवा. ख्मेर आणि थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल, उद्या, झालं अशा शब्दांनी ते काळ दाखवतात. आपल्याकडे 'गेला, गेली, जाईल, जायची' अशी क्रियापदाची किती रूपं आपण बिनचूक वापरतो! म्हणून 'यस्टरडे आय गो' ही चूक आपल्याला निष्काळजीपणाची वाटते. त्यांच्या दृष्टीने 'यस्टरडे' म्हटल्यावर आणखी काही बदलायची गरजच नाही. हे कळलं की मुलांवरचा राग जातो आणि सराव कुठे हवा ते दिसतं.

आत्ताच करता येईल अशी गोष्ट म्हणजे सांगलीच्याच वर्गात आठवड्यातून एक तास मराठीचा एकही शब्द न वापरता घ्या. पाठीमागे मोबाइल ठेवून चित्रीकरण करा. घरी बघताना घड्याळ लावा आणि साठ मिनिटांत तुम्ही किती बोललात, मुलं किती, ते मोजा. माझ्याकडे येणाऱ्या नव्या शिक्षकांचं पहिलं प्रमाण बहुधा पन्नासला दहा असतं. ते निम्म्यावर यायला दोन-तीन महिने लागतात. हा चित्रीकरणाचा संच पुढे डेमोच्या वेळीही कामाला येतो.

पैशांबद्दल थोडक्यात. परतीचं तिकीट आणि तिथला तीन महिन्यांचा खर्च खात्यात असल्याशिवाय निघू नका, आणि हे पैसे कर्जाचे नसावेत. कर्ज काढून गेलेला माणूस वाईट शाळा सोडू शकत नाही. तुम्ही बारावी पास असल्याने पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याची, अडचण येणार नाही. पोलिस पडताळणीचा दाखला मात्र जवळपास सगळीकडे मागतात, तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो.

पदवी पूर्ण होईपर्यंत परदेशी विद्यार्थी घरबसल्याही मिळतात. इटाल्की या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर 'कम्युनिटी ट्यूटर' म्हणून नोंदायला पदवी लागत नाही, तशाच प्रेप्लीवरही लागत नाही. प्रेप्ली मात्र प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाची सगळी फी ठेवून घेतं आणि पुढच्या तासांवर कमिशन कापतं, म्हणून विद्यार्थी टिकला तरच त्यात अर्थ आहे. सुरुवातीला दर कमी ठेवावा लागतो. पण जपानी, कोरियन, ब्राझिलियन प्रौढांना शिकवताना जो सराव होतो तो सांगलीत दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळणार नाही, आणि बँकेत येणाऱ्या रकमांची नोंद हाही अनुभवाचा पुरावाच.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात एजंटला लेखी प्रश्न पाठवले असते, पुढच्या आठवड्यात विद्यापीठात तिसऱ्या वर्षाची चौकशी केली असती आणि क्लासमधून अनुभवपत्र घेतलं असतं. पदवीचं वर्ष चालू असताना ऑनलाइन विद्यार्थी, ते संपताना सेल्टा, आणि मग थायलंड किंवा व्हिएतनामचे अर्ज. दीड-दोन वर्षं लागतील. घरची परिस्थिती इतकं थांबू देत नसेल तर गणित बदलतं, हे मला समजतं. तेव्हाही कंबोडियाला जायचं तर 'ई' व्हिसावर, शाळेशी थेट बोलून, एजंटशिवाय जा.

राहिला उच्चार. मराठी वळण चालतं. तुम्ही लंडनचे वाटावेत अशी कुणाची अपेक्षा नसते, शब्द ओळखू यावेत एवढीच असते. आणि याबाबत आपल्याला एक फायदा आहे तो सांगते. थायलंडात नखोन सवनला तिसरीच्या वर्गात मी पेन उंच धरून म्हटलं, 'धिस इज अ पेन.' मुलं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. सोबतच्या थाई बाईंनी मला मागाहून समजावलं. थाईत 'पेन' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'असणे' असा होतो. मी जो प म्हटला तो आपला मराठी प, श्वास न सोडता. थाईतही आपल्यासारखेच प आणि फ वेगळे असतात, आणि इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प ते श्वास सोडून, आपल्या जुन्या वळणाच्या ओठ मिटलेल्या 'फळ'मधल्या फ च्या जवळ ऐकतात. मुलांना वाटलं, बाई थाईत काहीतरी अर्धवट म्हणाल्या.

युरोपीय शिक्षकाला हा फरक कानाला शिकवावा लागतो. आपल्या तोंडात प-फ, त-थ, क-ख बाराखडीपासून बसलेले असतात, फक्त इंग्रजी बोलताना ते वापरायची सवय नसते. तोंडापुढे कागदाची पट्टी धरा आणि 'पेन', 'टेन', 'कॅट' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व' करतो, थाईतही व्ही नाही, म्हणून तो आधी स्वतःचा दुरुस्त करा: व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू ला ओठ गोल होतात. शब्दाच्या शेवटची व्यंजनं ही तर आपली जमेची बाजू आहे. थाई मुलं 'बस'चं 'बॅत' करतात, ख्मेर मुलं 'लाइक', 'लाइफ', 'लाइन' यांचं नुसतं 'लाइ' करतात, आणि आपण शेवटचं अक्षर स्वच्छ उच्चारतो. नखोन सवनच्या त्याच वर्गात मी आठवडाभर कागदाच्या पट्ट्या वाटल्या, मुलांनाही आणि मलाही एक. शुक्रवारी पुन्हा पेन उंच धरलं तेव्हा सगळ्या पट्ट्या एकदम हलल्या.